शुक्रवारचं वजन

ता. ९, शुक्रवार

चि. ठमे,

आशीर्वाद. गुडघा आहे तसाच आहे, विचारू नकोस. शेजारीण अजून जिवंत आहे आणि अजून बोलते आहे. एकूण ठीक.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. लिहायला मला वेळ लागतो, अक्षरं लंगडतात, पण मध्ये कोणी तोंड घालत नाही. शाळेचा शिपाई उद्या तुझ्याकडेच निघालाय, त्याच्या हाती देते.

सोमवारी तू तुझ्या वरच्यांना आमच्या शाळेचा तक्ता दाखवणार आहेस. मुख्याध्यापिका बाईंनी तो जिन्यापाशी लावलाय. ‘कचरा निम्म्यावर’, हिरव्या अक्षरांत. त्यावर तुझी नोकरी पक्की होणार, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. तुझ्याकडून नाही. असो.

तू सहा महिन्यांपूर्वी येऊन शाळेचा कचरा कमी करायचा आराखडा समजावलास तेव्हा मी झाडू घेऊन मागे उभी होते. पृथ्वी कशी तापते, शाळेने काय करायचं, छान बोललीस. मग काटा माझ्या ताब्यात दिलास. दर शुक्रवारी सगळ्या वर्गांचा कचरा तोलायचा, आकडा फळ्यावर लिहायचा. निघताना म्हणालीस, "आजी, आकडा खाली यायला हवा हं. सगळं तुझ्यावर."

बावीस वर्षं मी ही शाळा झाडते. फरशी चमकायला हवी म्हटलं की चमकवते. कशी, ते कोणी विचारत नाही.

पहिले तीन शुक्रवार काही हललं नाही. पोरं तेवढंच फेकत होती. मास्तर लोक तुझा आराखडा कपाटात घालून मोकळे. फोनवर तुझा आवाज पडलेला. चौथ्या आठवड्यापासून मी रोज निम्मा कचरा मागच्या भिंतीशी नेऊन पेटवायला लागले. प्लास्टिकसकट. आकडा खाली आला. केवढी किंचाळलीस आनंदाने!

आता कपाळाला हात लावून बसू नकोस, पुढे वाच.

त्या भिंतीला लागून पहिलीचा वर्ग. तिथे खिडकीशी एक पोरगी बसते, मी तिला टकळी म्हणते. माझ्या प्रत्येक फेरीला तिच्याकडे नवी बातमी. महिनाभर ती खोकत होती. वर्गाच्या बाई नुसत्या खिडकी लावून घ्यायच्या. मंगळवारी तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. बाप कामावरून धावत आला आणि तिला उचलून घेऊन गेला. जीव वाचला. अजून शाळेत आलेली नाही.

बुधवारी तिची आई विचारायला आली, "डॉक्टर म्हणतात, धूर लागलाय. इथे कोणी काही जाळतं का?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, नाही. मी तिथेच फरशी पुसत होते. पुसत राहिले. हे लिहायला मला दोन पानं फाडावी लागली.

काल बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत गप्प बसा, मावशी. नातीच्या पोटावर पाय देताय." मी म्हटलं, त्या पोरीच्या छातीवर तर आधीच दिलाय.

आज सकाळी टकळीच्या घरी जाऊन आले. आईने ऐकून घेतलं. दार लावलं.

चूक माझी आहे, पण एक तुलाही सुनावते. सहा महिन्यांत तू मला दर आठवड्याला ‘किती’ विचारलंस. उरलेला कचरा गेला कुठे, ते एकदाही नाही. शाळांना शिकवायला निघालीस, तर हे विचारायला शीक.

नोकरी जाईल कदाचित. माझीही. मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण खोटं पुरे झालं.

या आठवड्यात मंगळवारनंतर काडी ओढली नाही. आधीच्या दोन दिवसांचं निम्मं जळून गेलं होतं, तरी आज चव्वेचाळीस किलो भरलं. न जाळता पहिल्या शुक्रवारी बावन्न होतं. सोमवारी हे दोन आकडे मांड, आणि मधले कसे आले ते माझं नाव घेऊन सांग.

धूर करणारी,
तुझी आजी