तुम्हीच ठरवा, बाई

नूतन,
मी ताराबाईसंगं तेंदूपत्ता तोडाले गेली. रातचा भात हाये, फोडणी देऊन खाजो.

छाती तपासाची गाडी आज पोंभुर्ण्याले येते अन् तू मले न्यायसाठीच चंद्रपूरवून आली, हे मी विसरली नाई. काल सिस्टरनं सारं नीट समजावलं. मशीनमधी छातीचा कॅन्सर लवकर दिसला तं जीव वाचू शकते. पण कधी काई नसून बी गाठ वाटते अन् सुई टोचतेत. कधी जो रोग जलमभर तरास देनार नाई, त्याच्यापायी बी कापतेत. मंग म्हणे, बाई, तुम्हीच ठरवा.

माह्यं लगन माह्या बापानं ठरवलं, पोरं बंद कराचं ऑपरेशन तुह्या बाबानं. मले कोणी विचारलं नाई. आता विचारलं, तं मले जमूनच नाई राह्यलं. तेंदूचं पान ठेवाचं का टाकाचं, हे माह्या बोटांले समजते. छातीवर हात ठेवला तं तेच बोटं काईच सांगत नाई.

गाडी सांजपर्यंत हाये, मी दुपारी येतो. तू हो म्हणशीन तं मी निमूट येईन. म्हणूनच हो म्हणू नोको. नुसती माह्याजवळ बसजो.

आई