उज्वला इंडस्ट्रीज, महापे

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
उद्यापासून ट्रेनिंग. ग्रामीण बेरोजगारांसाठी लघुउद्योग, एक महिना, महापे. विषय : कपडे धुण्याची पावडर. मुक्काम कोपरखैरण्यात, थोरली बहीण राजाक्काच्या एका खोलीत. दाजी मार्केटात माथाडी.
गावी माणमध्ये बायको उज्वला रोजगार हमीवर खडी फोडते. निघताना तिला म्हणालो, उन्हाळ्याच्या आत तुझ्या हातातला हातोडा काढतो. ती म्हणाली, जेवत जावा वेळेवर.
संकल्प : पहाटे पाचला उठणे.

५ फेब्रुवारी
आठला उठलो. प्रवासाचा शीण.
वामनसरांनी प्रत्येकाला विचारलं, का आलात? सगळे म्हणाले, पोटासाठी. मी म्हणालो, माझ्याकडे व्हिजन आहे. सगळ्यांनी वळून बघितलं. छाप पडली.

९ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल. पावडर हाताने कालवायची होती. मी लांब उभा राहून निरीक्षण केलं. मालकाने सगळ्यावर लक्ष ठेवावं, कालवायला माणसं मिळतात. शेजारी दिवाळे गावची पुतळाबाई असते, मासे विकते. म्हणाली, "दादा, हात घाल न! पान्यान मगर हाय काय?" तिला मॅनेजमेंट समजत नाही.

१३ फेब्रुवारी
व्हिजिटिंग कार्डं छापली. हौसेराव शिंगटे, मॅनेजिंग डायरेक्टर, उज्वला इंडस्ट्रीज, महापे. कारखाना अजून नाही, पण दिवसभर असतो महाप्यातच, तेव्हा पत्ता बरोबर. फोन शेजारच्या प्रेमलावहिनींचा, पी.पी. त्यांना विचारायचं राहिलं.
एक कार्ड उज्वलाला पोस्टाने पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. कार्ड बोलकं आहे.

१९ फेब्रुवारी
घरी पहिलं उत्पादन. सोडा किंचित जास्त पडला असावा. फेस आला नाही. फेस हा शहरी लोकांचा गैरसमज आहे. दाजींच्या शर्टाचा निळा रंग गेला, पण मळही गेला हे कोणी बघत नाही. आक्काच्या हातांची आग झाली. खोबरेल लावत म्हणाली, "हौसा, आता पोतेऱ्यावरच काय ते शीक." दाजी बनियनवर कामाला गेले.
संकल्प : उद्यापासून प्रॅक्टिकलला हात घालणे.

२० फेब्रुवारी
बोट कापलंय. हात घातला नाही.

२४ फेब्रुवारी
मार्केट सर्व्हे. सरांनी सगळ्यांना आपापली पावडर विकायला सोडलं. पुतळाबाई मासळीवाल्यांत गेली, कपड्यांचा मासळीचा वास जातो म्हणून सांगितलं, दुपारी रिकाम्या पिशवीने परत. मी वरचा ग्राहक धरायचा म्हणून सीवूड्सच्या सोसायट्यांत गेलो. वॉचमनने गेटवरच अडवलं. त्याला कार्ड दिलं. उलटंसुलटं करून बघितलं आणि दात कोरला.
तरी एक कार्ड वापरात आलं.

२ मार्च
ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेट ज्याच्या मालाला फेस येईल त्यालाच. मला सर म्हणाले, पुढच्या बॅचला पुन्हा या. त्यांना माझा सहवास आवडलेला दिसतो.
जेवण गेलं नाही. हवा बदलली असेल.

४ मार्च, सकाळी
प्रेमलावहिनी दार वाजवून ओरडल्या, "ओ डायरेक्टर, तुमच्या मिसेसचा फोन होता! दहिवडी स्टँडवरून. म्हणे निघाले, कारखाना बघायला येते."
सरपंचांनी कार्ड पारावर वाचून दाखवलं म्हणे. उज्वलाने हमीच्या मुकादमाला सांगून टाकलं, उद्यापासून येत नाही.
संकल्प : भेटल्याबरोबर खरं सांगणे.

रात्री
उतरली. एक ट्रंक. हाताला घट्टे पडलेले, पण नवी साडी नेसलेली. मी म्हणालो, मशिनरी दुरुस्तीला गेली आहे.

५ मार्च
सकाळी सातलाच आवरून बसली. नेलं महाप्याला. वाटेत शब्द जुळवत होतो, जुळले नाहीत. एका मोठ्या गेटसमोर थांबलो. म्हणालो, "हा आपला नाही. आपला अजून... झालेला नाही." पुढचं ऐकू येईलसं बोललो नाही, पण तिला ऐकू गेलं.
तिने वर धुराड्याकडे बघितलं. मला वाटलं, रडेल. म्हणाली, "आता हमीवर परत कुठल्या तोंडानं जाऊ?" मग पदर खोचला आणि सरळ गेटवर गेली. "भाऊ, माणूस पाहिजे का?"
वॉचमनने माझ्याकडे बघून विचारलं, "नाइट करेगा?"
मी अटी मांडणार होतो. उज्वला म्हणाली, "करतील."

१२ मार्च, दुपारी
आठवडा झाला. पॅकिंग खात्यात आहे. मोठा उद्योग आतून अभ्यासावा, असं मीच ठरवलं आहे. काल रात्री पाळीवर डुलकी लागली, सुपरवायझर ओरडला. अभ्यासात व्यत्यय येतो.
उज्वलाने पुढच्या बॅचला नाव घातलं. मला विचारलं नाही. हात कोपरापर्यंत घालणार म्हणते. वामनसरांनी विचारलं, मिस्टर काय करतात? तिने सांगितलं, "कारखान्यात असतात."
मी वाक्य उलटसुलट तपासलं. खोटं काही नाही त्यात.