बहरीनच्या पैशाचा मार्का

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
सोमवार, ता. ११ सप्टेंबर १९७८

चि. पंचाक्षरीस अज्जीचे पोटभर आशीर्वाद. हितं समदी खुशाल. तू बहरीनला खुशाल हायस असं तुझ्या पत्रात असतं, ते वाचलं.

गेल्या सोमवारी आधी आली ती मथुराबाई. आपली शेजारची, दुसरी कोण. मी इभूत लावून उठले बी न्हवते तर ही दारात. "अज्जी, पाव्हणं यष्टीतनं उतरलं. टांग्यात बसवून मी पुढं आले. घर झाडलंय न्हवं?" मी म्हणलं, "बाई, घर रोज झाडतो आमी, तुला आज दिसलं. पाव्हणं कुणाचं?" तर गालात हसली आणि सरळ सैपाकघरात घुसली. तवा मला उमगलं की तुझ्या बापानं, म्हंजे माझ्याच पोटच्या चन्नप्पानं, आणि ह्या बाईनं मिळून परस्पर बेत केलाय. घरात मी समद्यात मोठी, आणि मला कळतंय टांगा दारात आल्यावर!

मंगळवेढ्याची माणसं. गुरुबसप्पा म्हणून ज्वारीचे व्यापारी, त्यांची बायको, आणि मुलगा सिद्धप्पा. शांतम्माला बघायला आलेली. व्हय, तुझ्या बहिणीला. आल्या आल्या मालदांडीचं पोतं ओसरीवर टाकलं. ज्वारी चांगली हाय, खोटं कशाला बोलू, भाकरी दुसऱ्या दिवशी बी मऊ राहती. पण ज्वारी चांगली म्हणून पोरगी द्यायची व्हय रे?

मुलगा तिशीच्या पुढचा. दिसायला वाईट न्हाय. जेवताना दोनच शब्द बोलला, "वाढा" आणि "बास", आणि दोन्ही शब्दांच्या मधी आमची भाकरीची बुट्टी रिकामी झाली. मला हसू येत होतं, पण तुझी आई माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती म्हणून दाबलं.

मंग त्या बाईनं शांतम्माला इचारलं, "किती शिकलीस ग?"

"बारावी पास. कॉलेजात नाव होतं, काढलं."

"बरं केलं. आमच्यात पोरीला कागद लागत न्हाईत. ज्वारी वळखता आली म्हंजे झालं."

मी म्हणलं, "मंग तुमच्या आडतीचा हिशेब काय भिंतीवर लिवता काय?" गुरुबसप्पा मोठ्यानं हसले. माणूस बरा वाटला मला. बायको हसली न्हाय. चन्नप्पानं माझ्याकडं असं बघितलं की मी जशी पाव्हण्यांच्या अंगावर पाणीच ओतलंय.

आता ऐक. पोरगी बघायला आल्यावर चहा कोण आणतं? पोरगी आणती. आपल्या घरात चहा आणला तुझ्या आईनं. मंगळवेढ्याची बाई इचारायला लागली, "पोरीनं का न्हाय आणला?" तुझी आई चन्नप्पाकडं बघायला लागली. मथुराबाईनं मधी तोंड घातलं, "लाजाळू हाय हो लई." लाजाळू! जिनं कॉलेजात भाषणाला बक्षीस मिळवलं ती लाजाळू!

चहा का न्हाय आणला ते सांगते. तुझ्या बापानं तशी ताकीद दिली होती. "शुभ कामात तिच्या हातचं काय नको. तिच्या हाताला यश न्हाय." तुला म्हाईत हाय, चन्नप्पाचं दुकान म्हंजे बोहणीवर चालतं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक चांगल्या हाताचं आलं की चादरी दुपारपतोर खपतात, असं त्याचं म्हणणं. हीच शांतम्मा लहानपणी गल्ल्यात पहिलं नाणं टाकायची. "माझ्या पोरीचा हात बघा," असं चार लोकांत सांगायचा. आता ती दुकानाची पायरी चढली तर म्हणतो, "घरी जा, गिऱ्हाईक येईल." दुकानात उदबत्ती लावू देत न्हाय. गौरीला वाण द्यायला बी तिला पुढं येऊ दिलं न्हाय. पोरगी तांब्या उचलताना आधी आपल्या हाताकडं बघती रे. मी हे डोळ्यांनी बघते, आणि माझ्या अंगाची आग होती.

हे का झालं? बँकेचा नंबर.

तुला समदं ठावं हाय, तरी सांगते, कारण तू इसरला असशील असं मला वाटायला लागलंय. आधी आपलं खातं गावातल्या मोठ्या शाखेत होतं. पाडव्याच्या सुमाराला घराजवळ नवी शाखा निघाली म्हणून चन्नप्पानं खातं हितं आणलं. नव्या शाखेचा नंबर निराळा. तो तुला कळवला शांतम्मानं, कारण दुकानात पत्र लिवणारा बाळासो करकंबला निघून गेला होता. आणि तेव्हापासनं बहरीनचा पैसा यायचा थांबला. चन्नप्पानं तुला इचारलं. तू काय लिवलंस? ती वळ मला तोंडपाठ झाली हाय, इतक्या वेळा ह्या घरात वाचली गेली: "पैसे नेहमीप्रमाणे पाठवले आहेत. नवा नंबर शांतीने नीट लिहिला होता का ते पाहावे."

संपलं. बँकेत जाऊन तुझा बाप भांडला, काउंटरवर हात आपटून आला. बँकवाले म्हणाले, आमच्याकडं काय आलंच न्हाय. मंग घरी येऊन शांतम्मावर. "एक नंबर उतरवता येत न्हाय आणि बी.कॉम. करती." ती म्हणली, "आप्पा, मी तीनदा ताळा केला होता." तर म्हणतो कसा, "नंबर बरोबर असंल. हात वाईट हाय." आता ह्याला काय उत्तर देणार पोरगी? कॉलेजातनं नाव काढलं. फी काय लई न्हवती, ती भरायला दुकान पुरेसं हाय. नाव काढलं ते ह्या हाताच्या खुळापायी.

तर गेल्या शुक्रवारी मी म्हणलं, चल ग शांते, सिद्धेश्वराला जाऊन येऊ. देवळाला गेलो, न्हाय असं न्हाय. पण आधी बँकेत गेलो. मी दोन बुकं शिकलेली बाई, पण बँक मला बघायचीच होती. आणि खरं सांगते, मला लई आनंद झाला! काय ती थंडगार फरशी. शिपायानं मला खुर्ची दिली. साहेब तरणाच होता, पाणी मागवलं. शांतम्मा त्याच्याशी इंग्रजीत बोलली. मला एक शब्द कळला न्हाय, पण साहेब मान हलवत होता आणि मधी मधी तीच त्याला पुढचं सांगत होती. मी शेजारच्या बाकावरच्या माणसाला म्हणलं, "माझी नात हाय." त्यानं काय इचारलं न्हवतं.

मंग मी साहेबाला म्हणलं, "मला मराठीत सांगा. बहरीनचा पैसा ह्या खोलीत कसा येतो?"

तो म्हणाला, "आजी, जगात बँका खूप. एकेका बँकेच्या गावोगाव शाखा. म्हणून प्रत्येक शाखेला एक खूण असते. पैसे पाठवणारा तिकडे ती खूण आणि खात्याचा नंबर देतो. तिकडची बँक आमच्या मुंबईच्या ऑफिसला तार करते, मुंबई आम्हाला करते. तारेत एक गुप्त आकडा असतो, तो जुळला तरच आम्ही पैसे जमा करतो."

मी म्हणलं, "म्हंजे गठ्ठ्यावरचा मार्का."

त्याला कळलं न्हाय. मी समजावलं. आमच्या दुकानातनं चादरीचा गठ्ठा हुबळीला जातो. वर शाईनं मार्का मारतात, गावाचा आणि व्यापाऱ्याचा. हमालाला वाचता येवो न येवो, मार्का बघून गठ्ठा बरोबर त्या दुकानी पडतो. साहेब हसला. "अगदी तेच, आजी."

"आणि मार्का चुकला तर?"

"तर माघारी. पैसा हवेत राहत नाही. खूण जुळली नाही की आमच्याकडून नाहीतर मुंबईहून परत, आणि ज्यानं पाठवले त्याला तिकडची बँक बोलावून सांगते. फार तर थोडे दिवस जास्त लागतात."

पंचाक्षरी, मी खुर्चीतनं उठता उठता परत बसले.

आपला बी गठ्ठा एकदा माघारी आला होता. मार्का पुसट झाला म्हणून ट्रान्स्पोर्टवाल्यानं दारात आणून टाकला, आणि वरनं भाडं मागितलं. चन्नप्पा दोन दिवस त्याला शिव्या देत होता. ज्या माणसाला गठ्ठ्याचं कळतं त्याला पैशाचं कळू नये? नंबर चुकला असता तर पैसा तुझ्याच हातात माघारी आला असता. एकदा न्हाय, दर वेळी. आणि तू लिवलं असतंस, "अज्जी, पैसे परत आले, नीट नंबर पाठवा." तसं तू कधीच लिवलं न्हाईस. का न्हाय लिवलंस? कारण माघारी यायला आधी जावं लागतं.

तू पैसा पाठवलाच न्हाईस.

हे मी शेवटी लिवणार होते. आधी पाव्हण्यांचं लिवावं, चार गमती सांगाव्या, मंग हळूच. पण हातानं ऐकलं न्हाय.

आणि तुला काय वाटतं, मला एकटीलाच कळलं? शांतम्माला माझ्या आधी कळलं. साहेब बोलत होता तवाच तिचं तोंड उतरलं. बाहेर आल्यावर रस्त्यात माझा हात धरून म्हणती, "अज्जी, तुझ्या पाया पडते, अण्णाला काय लिवू नको. त्याची काय तरी अडचण असंल. आप्पांनी चारचौघांत त्याचं कौतुक सांगितलंय, त्याची मान खाली जाईल. मंगळवेढ्याचं जमलं तर मी करते." ऐकलंस? तू तिच्या हातावर ढकललंस, आणि ती तुझी मान सांभाळती! मी तितं भर रस्त्यात ओरडले तिच्यावर. तिच्यावर कशाला ओरडले मी? तू हितं असतास तर तुझ्यावर ओरडले असते. एक टांगेवाला थांबून बघायला लागला तर त्याच्यावर बी ओरडले.

घरी येऊन चन्नप्पाला गठ्ठ्याची गोष्ट सांगितली. जेवत होता. ताट सरकवलं. "माझं पोरगं परमुलखात उन्हात मरतंय आणि तू त्याला चोर म्हणतीस? म्हाताऱ्या माणसाला बँकेतलं काय कळतंय?" साहेबाचं नाव सांगितलं तर म्हणतो, बँकवाले एकमेकाला सामील. माझं तो ऐकणार न्हाय. शांतम्माचं तर न्हायच न्हाय. तुझं ऐकेल. तू लिवलेली वळ ह्या घरात देवाच्या वचनासारखी चालती, म्हणून तर एवढं झालं.

तितं तुझं काय झालंय ते मला ठावं न्हाय. काम सुटलं असंल. आजारी पडला असशील. कुणाला उसनं दिलं असशील, न्हायतर पत्त्यात घालवलं असशील. जे असंल ते असू दे. पैसा मी मागत न्हाय, नीट वाच, एक पैसा मागत न्हाय. काम सुटलं असलं तर निघून ये, दुकानात गठ्ठे बांधायला माणूस लागतंयच. ह्याच्यावर मी रागावले न्हाय. माणसाचं वाईट होतं, त्याला काय इलाज. पण आपलं झाकायला धाकट्या बहिणीचा हात पुढं केलास, त्याच्यावर मी रागावले हाय, आणि हा राग तुझ्या आज्यावर बी मला कधी आला न्हवता, आणि तुझा आजा काय साधा माणूस न्हवता.

आता तू काय करायचं ते सांगते. बापाला पत्र लिव. दुसऱ्याकडनं न्हाय, सोताच्या हातानं, तुझं अक्षर तो लांबनं वळखतो. दोनच वळी लिव. पैसे मी पाठवले न्हाईत. शांतीनं नंबर बरोबर लिवला होता. कारण लिवायचं तर लिव, न्हायतर नको. आणि उगीच गोड बोलून वळसा घालू नको, वळसा तुझ्या बापाला कळत न्हाय. कॉलेजात मी मास्तरांना इचारून आले, दिवाळीच्या आत आली तर नाव परत घेतो म्हणाले. मंगळवेढ्याचा गुरुबसप्पा चांगला माणूस हाय, पोरगा बी वाईट न्हाय. शांतम्मानं हसत हो म्हणलं असतं तर मीच हळद कुटायला बसले असते. पण ती हो म्हणती ते तुझी लाज राखायला, आणि असल्या हो वर मी माझी नात घालवणार न्हाय.

हे पत्र चोरून लिवलंय. मथुराबाईच्या घरी बसून, तिला म्हणलं बहरीनला लोणच्याची कृती कळवायची हाय. तीन दिवस लागले. माझ्या वाकड्या अक्षराला हसू नको. पाकिटावरचा पत्ता मात्र शांतम्माच्या हातचा हाय, जुनं पाकीट समोर ठेवून, तिला बी लोणच्याचंच सांगून, मी तिच्याकडनं लिवून घेतला. पोचलं तर समज, तिच्या हाताला काय झालेलं न्हाय.

तुझ्यावर लई माया असलेली, पण ह्या पत्रात ती न देणारी,
तुझी अज्जी
सिद्धम्मा

ता.क. तुझं पत्र यायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून आजच्या आजच लिवायला बस. मंगळवेढ्याची माणसं साखरपुड्याचं बोलायला परत येतो म्हणून सांगून गेलीत, दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी, सकाळच्या यष्टीनं.