काम चालू आहे, स्विच लावू नये

बाबा, तुमची जॉयस्टिक मी पूर्ण केली. म्हणजे अर्धीच केली, पहिल्या खेळाडूची बाजू. दांडी गावातल्या आपल्या घराचे पत्रे बदलायला काढले तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान खाली आलं, आणि जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली तुमची प्लायवूडची पेटी सापडली. आत आपला टीव्ही गेम होता, त्याचे बटणं मेलेले दोन पॅड होते आणि तुम्ही कारखान्याच्या भंगारातून मागून आणलेली हिरवी-लाल पुश बटणं होती. झाकणाच्या डाव्या बाजूला भोकं पाडलेली, उजव्या बाजूला नुसती पेन्सिलने आखलेली. गेमच्या वायरला सुतळीने बांधलेला तुमचा लाल टॅग तसाच होता. ‘काम चालू आहे, स्विच लावू नये.’ खाली तुमची सही, पगाराच्या पावतीवर करायचात तशीच ऐटबाज.

तुमच्या त्या टॅगांनी आईचं डोकं किती उठायचं! कारखान्यातल्या मशीनसारखं घरीही, मिक्सर दुरुस्तीला उघडला की टॅग, इस्त्री उघडली की टॅग. ‘मला पन बांदा एक,’ असं ती म्हणायची. एकदा पंख्याला टॅग लावून तुम्ही डबल ड्यूटीला निघून गेलात आणि आम्ही मायलेकी घामाने निथळत पडून राहिलो, पण पंखा लावायची माझी हिंमत झाली नाही. आल्यावर तुम्ही हसलात, आणि मग हसू आवरून म्हणालात, ‘बाय, टॅग म्हंजे आत मानूस हाय. ज्याचा टॅग, त्यानंच काडायचा. दुसऱ्यानं काडला, तर आतला मानूस मेला.’ आता मीही बोईसरच्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट खात्यात काम करते. तिथे नव्या पोरांना हेच शिकवते, आणि शिकवताना माझा आवाज तुमच्यासारखा होतो असं मलाच वाटतं.

जॉयस्टिक मुळात कशासाठी होती ते तुम्हाला आठवत असेल. स्टेशनबाहेरच्या गेम पार्लरमध्ये मी दाराशी उभी राहून आत बघायचे. शुक्रवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी, त्यामुळे आत कामगारांची गर्दी, बिडीचा धूर, आणि दांडे आपटल्याचे आवाज. एका शुक्रवारी तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत. मालक म्हणाला, ‘भाईसाब, लड़कियों का गेम नहीं है ये.’ तुम्ही भांडला नाहीत. मला वाटलं, भांडायला हवं होतं, आणि घरी येईपर्यंत मी फुगून बसले. रिक्षात तुम्ही म्हणालात, ‘चल बाय, आपन घरीच पार्लर काडू. तुजा पैला, माजा दुसरा.’ मग दर सुट्टीला ओटीवर पेटी घेऊन बसायचात. डाव्या बाजूची भोकं पाडून झाली. उजवीची व्हायच्या आत एका सकाळी शिफ्टच्या बसची वाट बघता बघता तुम्ही खाली बसलात, आणि उठला नाहीत.

तर ती पेटी मी पुसून घेतली. दांडा आणि बटणं नवीन मागवली. दांड्याच्या बुडाशी चार छोटे स्विच असतात, जिकडे ढकलाल तिकडचा टक् करून दबतो, बस, एवढंच. जुन्या पॅडचं सर्किट काढून त्याला प्रत्येक स्विचची वायर डाग देऊन जोडली. तुमची पुश बटणं मोटार-पंपाची, गेम खेळायला फार कडक, अंगठा मोडेल. तरी एक हिरवं मी सुरुवात करण्यासाठी बसवलं. दुसऱ्या पॅडचं सर्किट गेमला नुसतं खोचून ठेवलं. गेमला जाणाऱ्या वायरीपलीकडे त्याला स्विच नव्हता, बटण नव्हतं, काही नव्हतं. उजवी बाजू पुढच्या सुट्टीला करू म्हटलं. आणि टॅगची सुतळी कटरने कापली. नव्या पोरांना रोज ओरडणारी मी, पण घरातला टॅग कापताना माझ्या मनात काहीही आलं नाही.

शुक्रवारची भर दुपार होती. बाहेर आई बोंबील वाळत घालत होती, ओहोटीमुळे समुद्राचा आवाज दूर गेला होता. गेम लावला. तोच आपला जुना, भिंती-खड्डे ओलांडत जायचा खेळ, निळा माणूस माझा आणि लाल तुमचा. सवयीने मी दोन खेळाडूंचा खेळ निवडला. निळा पुढे गेला, खड्ड्याशी आला, पलीकडे उडी मारली. लाल चालत चालत खड्ड्याच्या काठाशी आला. तिथे तो दोनदा खाली बसला, मग उडी मारली.

बाबा, तुम्ही उडीआधी पॅड दोनदा खाली दाबायचात. ‘वजन तोलतोय,’ म्हणायचात, आणि मी वैतागायचे, कारण तोवर खेळ पुढे सरकत नसे.

मी लूज कॉन्टॅक्टला भूत म्हणणाऱ्यांतली नाही. पोटापाण्याचा धंदाच तो आहे माझा. सर्किट बाहेर काढलं, स्पिरिटने पुसलं, मीटर लावून बघितलं. कुठेही काही जुळलेलं नव्हतं. सर्किट काढलं की लाल माणूस जागच्या जागी उभा. खोचलं की चालू लागतो, पण माझ्या पुढे कधीच जात नाही. मी उडी मारेपर्यंत काठावर थांबतो, मग दोनदा बसतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, नको तिथे करंट जातो, सगळं मला ठाऊक आहे. पण गंज वजन तोलत नाही. भीती वाटली, सरळ सांगते, इतकी की तुमच्या आखलेल्या भोकांकडे बघवेना. आणि त्या भीतीतच मी पुढचा खड्डा शोधत होते, तुम्ही पुन्हा बसाल म्हणून.

आई हात पुसत आत आली. टीव्हीकडे तिने पाहिलंच नाही. जमिनीवर पडलेला टॅग उचलून विचारलं, ‘हा कोनाला इचारून काडलास?’

‘कोणाला विचारणार आई?’

ती दारातच टेकली. ‘त्या दिवशी कंपनीतनं दोगं आलेले,’ म्हणाली. ‘तुला शेजारी नेऊन बसवलेली. तुजे बाबा इथं ओटीवर झोपवलेले. ते दोगं पायाशी उभे ऱ्हायले नि इचारतात, दादा, पंपावर तुमचा टॅग हाय, काडू काय? रडनाऱ्या बाया गप झाल्या. ते पन थांबले, उत्तराची वाट बगत. मंग हात जोडले नि गेले. तितला टॅग तसा सुटला. घरातल्याचं कोनी इचारलं नाय.’ टॅग तिने माझ्या हातात दिला. ‘तू इचार. मंग काय ता कर.’

ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. त्या दोघांची तोंडं डोळ्यांसमोर आणायचा मी फार प्रयत्न केला. मेलेल्या माणसाला विचारून, न आलेलं उत्तर ऐकून, मग मशीन सुरू करणारी माणसं. आम्ही आजही तसंच करतो, टॅगवाला सापडत नसेल तर मशीनशी उभं राहून हाक मारतो. उत्तर आलं नाही, तर आत कोणी नाही. साधा नियम आहे, त्याने माणसं वाचतात.

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. वाटलं, येत्या शुक्रवारी गेमसमोर बसून मोठ्याने वाचून दाखवीन आणि शेवटी विचारीन, बाबा, आत आहात का? आता एवढं लिहून झाल्यावर कळतंय की मी वाचणार नाही. लाल माणूस बसतो याची मला भीती वाटते, पण मी विचारलं आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, याची त्याहून जास्त वाटते. मग नियमाप्रमाणे आत कोणी नाही, आणि लाल माणूस नुसती खारी हवा. जोवर मी विचारत नाही, तोवर तुम्ही कामावर आहात.

आईला मी खोटं सांगितलं. जेवताना तिने विचारलं, ‘इचारलंस?’ मी हो म्हटलं. ‘काय बोलले?’ म्हटलं, थोडं काम बाकी आहे म्हणाले.

ती जेवायची थांबली. मग म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे मंग. घाय करू नको त्यांना.’