त्रिकोणी बागेचं कुंपण

दि. ४ एप्रिल

ती. आत्यास,
ठकीचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता बरा आहे, असं बाबांकडून कळलं. इकडे तुझ्या जुन्या गणित विभागाची डोकेदुखी मी झाले आहे.

आमच्या विभागप्रमुखांना मुलं ‘हातचे सर’ म्हणतात. खडूपासून मतापर्यंत सगळं ते हातचं राखून असतात. नववीच्या वार्षिक परीक्षेला त्यांनी प्रश्नपेढीतलं एक जुनं गणित घातलं. त्रिकोणी बागेच्या बाजू सात, आठ आणि सोळा मीटर, तारेचं तिहेरी कुंपण घालायचं, तर तार किती? उत्तर त्र्याण्णव. अख्ख्या वर्गाने त्र्याण्णव लिहिलं. एकीने लिहिलं, ‘अशी बाग होऊच शकत नाही.’ तिला शून्य मिळालं. तिचे एकूण गुण तेहतीस, पास व्हायला पस्तीस लागतात आणि हे गणित चार गुणांचं. पोरीचं वर्ष जाणार. सरांशी भांडू का?

लोभ आहेच, सल्ला तेवढा पाठव.
तुझी ठकी

दि. ८ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

गुडघा माझा आहे, त्याची काळजी मी करीन. तू नोकरीची कर. जूनमध्ये तुला कायम करायच्या कागदावर सही कोण करणार? तुझे हातचे सरच ना? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला!

आणि बाईसाहेब, ते गणित माझं आहे. अठरा वर्षांपूर्वी मीच रचलं. शेकडो पोरांनी त्या बागेला कुंपण घातलं, कुणाचं काही अडलं नाही. जमलं नाही की ‘होऊच शकत नाही’ म्हणायचं, ही आळशी पोरांची जुनी युक्ती. दुधाचा पेला समोर आला की तूही हेच म्हणायचीस.

आशीर्वाद आहेतच, सोबत अक्कलही असू दे.
तुझी आत्या

दि. १२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

गणित तुझं आहे हे मला ठाऊक होतं. प्रश्नपेढीतल्या कार्डावर तुझंच अक्षर आहे. तुला राग येईल म्हणून बोलले नाही. तो आलाच.

काल बैठक झाली. बरोबर उत्तर कोणतं, यावर चक्क मतदान! आम्ही सहा जण. पहिल्या मोजणीत सात मतं भरली, दुसरीत पाच. शेवटी शिपाईकाकांनी मोजली: पाच विरुद्ध एक. बीजगणिताच्या बाई म्हणाल्या, भूमिती काही त्यांचा विषय नाही. सरांनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे हात करून सांगितलं, बाई चुकणं शक्यच नाही, त्यांनी स्वतः लिहून दिलं तरच बघू. निकाल वीस तारखेला आहे.

आत्या, काड्यापेटी घे. सोळा काड्या एका रांगेत मांड. एका टोकाला सात जोड, दुसऱ्या टोकाला आठ, आणि मला बाग करून दाखव.

उत्तराची वाट पाहते, रागाने लिहिलंस तरी चालेल.
ठकी

दि. १५ एप्रिल

चि. ठकीस आशीर्वाद.

काड्या मांडल्या. सात आणि आठ पार आडव्या पाडल्या तरी एक काडी कमीच पडते. टोकं भेटतच नाहीत. फार लाज वाटली.

एका मुलाने पूर्वी हेच लिहिलं होतं. उद्धट म्हणून मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. त्याचं नावही आठवत नाही, ते जास्त लागतं.

सोबत सरांना चिठ्ठी आहे: गणित चूक, मुलगी बरोबर, चारही गुण द्या आणि माझा फोटो उतरवा. तू भांड. सहीचं पुढे पाहू.

या म्हातारीवर लोभ राहू दे.
आत्या

दि. २१ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

मुलगी सदतीस गुणांनी पास झाली. तुझं पत्र तिला वाचायला दिलं. तिने विचारलं, त्या मुलाचं पुढे काय झालं? तो प्रश्न तुझ्याकडे पाठवते.

फोटो उतरवायचा ठराव पाच विरुद्ध एक मतांनी पडला. माझा कायम होण्याचा कागद सरांनी हातचा ठेवला आहे. तुझं गणित मात्र त्यांनी जातीने दुरुस्त केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या वर्षासाठी ते प्रश्नपेढीत गेलंसुद्धा. बागेच्या बाजू आता सात, आठ आणि पंधरा मीटर: टोकं भेटतात, पण आडवी पडूनच.

लोभ आहेच, काड्यापेटी तेवढी पाठव.
तुझी ठकी