पायरीवरून ऐकलेली फायनल

आप्पा, टीव्हीवर तिने सर्व्हिससाठी चेंडू हातात घेतला आणि मी दारापर्यंत पोचले. एक पाय चपलेत गेल्यावर लक्षात आलं, बाहेर जा म्हणणारं आता कोणी नाही. विम्बल्डनची फायनल, शेवटचा सेट, पाच-चार. तुमचा खेळाडू कधीच निवृत्त झाला. ही माझी. आधीच्या फायनल हरलेली, पुन्हा इथवर येईल असं वाटत नाही. या वेळी आत बसायचं असं मी आठवडाभर ठरवत होते. तरी दुसरी चप्पल घातली आणि पायरीवर जाऊन बसले.

"तुझा पायगुण बघ बाई, तू आत आलीस की तो सर्व्हिस घालवतो. जा, गुलाबाचे काटे काढ." हसून म्हणायचात. मी पायरीवर बादली घेऊन बसायचे. तुम्ही आतून ओरडून स्कोअर सांगायचात, मोठ्या पॉइंटआधी घसा खाकरायचात. टाळ्या ऐकू यायच्या, चेंडू दिसायचा नाही. पुढे माझा साखरपुडा झाला, त्या घरातलं माणूस आजारी पडलं आणि तिकडून तोच शब्द आला, पायगुण. लग्न मोडलं. तुम्ही मान खाली घालून बसलात. त्या वर्षीही फायनलला मला पायरीवरच पाठवलंत. फक्त हसला नाहीत.

पाऊस भुरभुरत होता. आतून आईचा आवाज आला, "पंधरा-शून्य." आईला टेनिसमधलं काही कळत नाही. तुमच्या शेजारी बसून ती वाती वळायची. "तीस-शून्य." मग, "तीस-पंधरा." "चाळीस-पंधरा." "चाळीस-तीस." आणि घसा खाकरल्याचा आवाज. मी उठून दार ढकललं.

पडदा निळा होता. सिग्नल नाही, एवढंच लिहिलेलं. आई तुमच्या खुर्चीत ताठ बसली होती, नजर पडद्यावर.

"हे कधी गेलं?"

"तू बाहेर गेलीस तवाच."

"मग स्कोअर?"

"सांगतायत ना. तुला नाय ऐकू येत?" तिने शेजारच्या खुर्चीवरचा वातींचा डबा उचलून मांडीवर घेतला. "ये. बसू दे म्हणतायत तिला."

मी चपलेसकट आत गेले, बसले. दोघी निळ्या पडद्याकडे बघत राहिलो. मागच्या गुलाबांच्या पॉलीहाऊसच्या प्लास्टिकवर पाऊस वाजत होता, बराचसा टाळ्यांसारखा. मग आई "झालं" म्हणाली आणि उठली. कोण जिंकलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन हाताशी होता, उघडला नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ती हरेल याची मला भीती नव्हती. मी आत असताना ती जिंकली असती, तर तुमचं खोटं ठरलं असतं, आणि मग मला तुमच्यावर रागवावं लागलं असतं.

सकाळी जाग आली तेव्हा फुलांचा टेम्पो बाजाराला निघून गेला होता. आई गुलाबाच्या जुड्या नेहमी रद्दीत गुंडाळते. आज रद्दीचा गठ्ठा तसाच होता; तिने आजचाच पेपर वापरला होता, कालच्या निकालासकट.