पुनवेचं पाणी आणि तुमचं घड्याळ

बाबा, तुमच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी पुसून टाकलं. आपल्या खाडीवर शूटिंग झालेला तो सिनेमा आता साफसूफ करून मोबाइलवर आलाय. काल दुपारी जेवणं झाल्यावर माझ्या लेकीने तो लावला आणि म्हणाली, "आई, आजोबा आले बघ." हिरॉईनला होडीतून पलीकडे सोडणारे तुम्ही, डोक्याला मुंडासं, वल्हं मारताय. सिनेमातली गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. त्यात तुम्ही तीनदा दिसता, आणि मधल्या खेपेला तुमच्या हातात घड्याळ असायचं. आता तिन्ही वेळा मनगट कोरं. लेक म्हणाली, "बरं झालं ना, चूक सुधारली." मी हो म्हटलं आणि आमटी गरम करायला उठले. सगळ्यांचं जेवून झालं होतं, तरी उठले.

दुसऱ्यांच्या चुका काढणं हे तर तुमचं काम. शाळा चौथीपर्यंत, पण पाण्याच्या बाबतीत तुम्ही कुणाचं ऐकून घेत नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तुम्ही मला पाढे पाठ व्हायच्या आधी शिकवलंत. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. सिनेमाला गेलो की गोष्टीकडे तुमचं लक्षच नसायचं. नायक किनाऱ्यावर रडतोय आणि तुम्ही अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणणार, "बाय, आता तर भरती व्हती, लगेच ओहोटी कशी झाली गो? मधी जेवाय गेले व्हते काय?" लोक हसायचे आणि मला फार भारी वाटायचं. मग मी कॉलेजात गेले. एकदा मैत्रिणी मागच्या रांगेत बसल्या होत्या, तेव्हा मी तुमचा हात दाबून म्हटलं, "गप्प बसा हो बाबा. लाज आणता नुसती." तुम्ही गप्प बसलात. उरलेला सिनेमा मांडीवर हात ठेवून बघितलात, आणि पुढे कितीही आग्रह केला तरी माझ्याबरोबर थेटरात यायचं नाव काढलं नाहीत.

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून तुमच्यासाठी ते घड्याळ आणलं. त्या दिवसाचं काहीतरी भरून काढायचं मनात होतंच. तुम्ही चुलीपाशी चहा घेत बसला होतात. घड्याळ उलटसुलट करून बघितलंत आणि म्हणालात, "मला कशाला ह्या? पाणी काय घड्याळ बघून येता?" मी तोंड फिरवून भांडी घासायला बसले. आईने मागाहून तुमची चांगलीच हजेरी घेतली असणार, कारण दोन दिवसांनी घड्याळ तुमच्या हातात होतं. मग ते आंघोळीलाही उतरेना. वेळ मात्र तुम्ही उन्हाकडे बघूनच सांगायचात.

त्याच वर्षी शूटिंगवाले आले आणि त्यांना तुमची होडी आवडली, होडीसकट तुम्हीही. पुनवेचा दिवस होता. प्रसंग चंद्र उगवतानाचा, पण तो भर दुपारी तुडुंब खाडीत करायचा आणि मागाहून त्याची रात्र करायची, असं ठरलं होतं. तुम्ही त्या मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलंत, "सायब, पुनवेचा चांद उगवतो तवा खाडीत गुडघाभर पाणी. ह्या पाणी खोटा हाय." साहेब हसले. म्हणाले, "काका, कुणाला कळणार आहे?" तुम्ही परत येऊन होडीत बसलात, घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत आणि पहिली खेप मारलीत. मग जेवणाची सुट्टी होते. मी डबा उघडते, तुम्ही भाकरी आणि बांगड्याचं तिखलं खाता, हात धुता आणि मनगट माझ्यापुढे करता. मी घड्याळ बांधते. तेवढ्यात पुन्हा हाक येते आणि तुम्ही उठून जाता.

सिनेमा रत्नागिरीत लागला त्या दिवशी सगळी वाडी गेली होती, आणि एवढ्या वर्षांनी तुम्हीही माझ्या शेजारी बसला होता. खोटं पाणी कुणाला दिसलं नाही. घड्याळ सगळ्यांना दिसलं. थेटर हसून हसून लोळलं. दुसऱ्या दिवसापासून होडीत चढणारा प्रत्येक जण तुम्हाला विचारायचा, "काय तांडेल, किती वाजले?" ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्याचीच चूक सापडली, मग गाव सोडतोय होय. घरी आईने विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "इसारलो." त्यानंतर टीव्हीवर सिनेमा लागला तरी तुम्ही पाण्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. मला ते ऐकायचं होतं, बाबा. अजून ऐकायचंय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि पडद्यावर समुद्र आला की मी अजून डावीकडे बघते.

काल आमटी गरम करून परत आले तर तोच प्रसंग लेकीने पुन्हा लावला होता. घड्याळ गेलं, पण पाणी त्यांनी तसंच ठेवलंय. चंद्र नुकताच उगवतोय आणि खाडी काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, "ह्या पाणी खोटा हाय." लेकीने विचारलं, "म्हणजे?" मी तिला तिथीची पाऊणपट सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा मोबाइलकडे वळली.

हे पत्र मी घड्याळाच्या डब्यात ठेवणार आहे. घड्याळ बंद पडलंय, पण डबा तोच आहे. एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दुसऱ्या खेपेला तुम्ही होडीत चढलात तेव्हा मी धक्क्यावरच उभी होते. वल्हं उचललंत तसं घड्याळ उन्हात चमकलं आणि मला दिसलं. कॅमेरा सुरू व्हायचा होता, होडी दहा हातांवर होती, हाक सहज ऐकू गेली असती. मी आणलेलं घड्याळ तुमच्या हातात सगळ्यांना दिसावं, म्हणून मी गप्प राहिले. तुम्ही एकदा मनगटाकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि वल्हं पाण्यात घातलंत.